ओटीचा नारळ

कोलाडला एका हळदीत माझी लाडकी बेंजो पार्टी वाजवणार, हे कळलं आणि मी मिठागरातलं फावडं टाकून घरी पळाले. त्यांची कॅसेट वाजवून वाजवून झिजवली होती, पण समोर कधी पाहिलं नव्हतं. “आमंत्रण नाय,” नवरा कुरकुरला. मी ओटीचा नारळ पिशवीत घातला, त्याच्या लुनावर मागं बसले आणि कासूपासून कोलाडपर्यंत “पळव, पळव” म्हणत त्याची पाठ बडवली. मांडवात बेंजो असा कडाडत होता की पाय जमिनीवर ठरेनात. तेवढ्यात घरधनीण आडवी आली. “कुनाकडची गो तू?” मी नारळ पुढं केला. “नवरीची ओटी भरायला आले.” बायका खो-खो हसल्या. “नवरी रोह्याला हाय गो, ही माझ्या पोराची हळद!” शेवटी खरं सांगितलं, “बाय, मी बेंजोकडची.” तिनं पदर पसरला. “मग माझीच भर नि पुढं नाच!”