फिरत्या घराचं गिऱ्हाईक

२०२२ साली, दिवाळी नुकतीच सरली होती, तेव्हा केजच्या इसाकमियाँनी आपलं फिरतं घर विकायला काढलं.

मूळची ती शाळेची जुनी मिनीबस. इसाकमियाँ आणि त्यांची मुलगी यास्मिन यांनी आपल्या गॅरेजातलं काम उरकून, दोन वर्षं खपून तिचं घर केलं होतं. आत झोपायला चार बाक, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना यास्मिनच्या आईने, बीबीजानने शिवलेले पडदे. गल्लीतली माणसं आपल्या पाहुण्यांना मुद्दाम ती दाखवायला आणत.

यास्मिनने मोबाइलवर जाहिरात टाकली. फोटो सगळ्या बाजूंनी काढले होते. किंमत मात्र कुठेच नव्हती.

समोरच्या टायरच्या दुकानातून रुद्रप्पा चष्मा सावरत आला. "इसाकमियाँ, किंमत कावून टाकली न्हाई?"

"बघणाराला आधी बघू तर दे."

"भाव न्हाई तर फोन बी येणार न्हाई."

फोन मात्र खूप आले. सगळे बीबीजान घेत असे.

"कुठले तुमी? नाव काय? घरात माणसं किती? भाऊ किती? लगीन झालेले किती?"

रुद्रप्पा हसून म्हणाला, "वयनी, गाडी इकताय का शिरगणती करताय?"

"आत बाक चारच हायत, भाऊ. माणसं मावली पायजेत."

पुण्याचा एक जण न बघता म्हणाल ती किंमत द्यायला तयार होता. नवरा, बायको, दोन मुलं. चार बाकांना नेमकी चार माणसं. बीबीजानने त्यालाही नको म्हटलं.

रुद्रप्पाने कपाळावर हात मारला. "आता याला काय म्हणावं?"

"एकदा दिली की परत मागता येत न्हाई," इसाकमियाँ म्हणाले. "कदर करणाराच्याच हाती गेली पायजे. न्हाईतर पोरीच्या कष्टाची माती."

इतक्या फोनांतून घरी बोलावणं गेलं ते फक्त तिघांना.

पहिला आला उमापूरचा फळांचा व्यापारी, आपल्या मुलाला, फराजला घेऊन. यास्मिन तेव्हा गाडीखाली पाठीवर निजून नट आवळत होती. बाहेर फक्त तिचे पाय दिसत. चहाचा ट्रे इसाकमियाँनीच आणला. पाहुण्यांपुढे ट्रे घेऊन जायचं नाही, हे यास्मिनने मागेच ठरवून टाकलं होतं आणि घरात तिला कोणी आग्रह करत नसे.

"बनवली कुणी?" फराजने विचारलं.

"माझ्या पोरीनं."

"मग आधी ब्रेक तपासावे लागतील!" फराज मोठ्याने हसला. बापही हसला.

गाडीखाली पान्याचा टोला पडला. ठक्.

इसाकमियाँनी रिकामे कप उचलले. "माफ करा. सौदा जमायचा न्हाई."

दुसरे आले बीडचे वकीलसाहेब. त्यांच्या मुलाचे बूट आरशासारखे चकचकीत होते.

"कशी वाटली गाडी?" बीबीजानने त्याला विचारलं.

"अब्बू सांगतील."

"बाक आवडले का?"

"अब्बूंना विचारा."

ठक्.

वकीलसाहेब गेल्यावर रुद्रप्पा रस्ता ओलांडून तरातरा आला. "बे इसाक, तुला इकायचीच न्हाई!"

"मग जाहिरात कावून टाकली असती?" इसाकमियाँ शांतपणे म्हणाले.

तिसरा वडवणीचा कामरान. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. बरोबर आई होती, अस्माबी. त्याने चपला काढल्या आणि मग आत पाऊल टाकलं. दिवे लावून पाहिले, ओट्याखाली वाकून पाहिलं.

"कुणी केली ही?"

"माझ्या पोरीनं."

कामरान खाली उतरला, उकिडवा बसला आणि गाडीखाली बघत म्हणाला, "अहो, ही दिव्याची वायर सायलेन्सरच्या लई जवळून नेलीय. तापंल ती."

बीबीजानने कान टवकारले. आता टोला पडणार.

"वरून आच अडवणारी नळी घातलीय," खालून आवाज आला. "हात लावून बघा."

कामरान अंगातल्या पांढऱ्या शर्टासकट आडवा झाला आणि सरकत आत गेला. आता बाहेर पायांचे दोन जोड दिसत होते. अस्माबी हळहळली, "ईदचा शर्ट हाय रे त्यो!"

"खरंच की," आतून कामरान म्हणाला. "मला न्हाई सुचलं असतं हे."

ठक् आलं नाही. बराच वेळ आलं नाही. आली ती आतून हसण्याची उबळ, दोघांची.

मग यास्मिन बाहेर आली. कपाळावर ग्रीस होतं. फडक्याला हात पुसत ती दारापाशी गेली आणि बापाच्या हातातला ट्रे तिने आपल्या हाती घेतला.

इसाकमियाँ रिकाम्या हातांनी तसेच उभे राहिले. बीबीजानने ओढणी डोळ्यांना लावली.

त्याच संध्याकाळी जाहिरात उतरली.

"इकली?" रुद्रप्पाने विचारलं.

"बोलणी ठरली."

"कितीला?"

इसाकमियाँ नुसते हसले.

पुढे फराजने शोरूममधून कोरी जीप घेतली. वकीलसाहेबांचा मुलगा अजून कोर्टात त्यांच्या मागे फाइल धरून उभा असतो. पुण्याच्या माणसाचा वर्षभर फोन येत राहिला. इसाकमियाँनी हत्यारं खाली ठेवली. गॅरेजच्या पाटीवर आता यास्मिनचं नाव आहे. रुद्रप्पाने दुकान मुलाला, रवीला दिलं. पण गाडी दारातून निघाली तो दिवस तो अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. गाडीला झेंडूच्या माळा होत्या. लाल ओढणी डोक्यावर घट्ट बांधून यास्मिन स्टिअरिंगवर बसली होती, शेजारी मुंडावळ्यांसारख्या फुलांच्या सेहऱ्यातून वाट शोधत कामरान. रुद्रप्पा आ वासून बघत राहिला.

"वयनी, गाडी तर तुमचीच पोरगी घिऊन चालली! मग इकली कुणाला?"

बीबीजानने पोरीवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. "गाडी इकायची कवा होती, भाऊ? आमी तर पोरं बघत होतो."