न छापलेला उतारा

नववीच्या इंग्रजी सराव परीक्षेत माझ्या वर्गाच्या पेपरांवर आकलनाचा उताराच छापायचा राहून गेला. नुसते प्रश्न आणि चार-चार पर्याय. एकाही पोराने हात वर केला नाही. सगळ्यांनी मुकाट्याने गोळे रंगवले आणि जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले.

मी तणतणत मुख्याध्यापक थाओंकडे गेले. "सर, न वाचता आकलन कसलं? रद्द करा ही परीक्षा."

त्यांनी थर्मासच्या झाकणातल्या चहावरची पानं फुंकून बाजूला केली. "मियाओबाई, मार्क पडलेत ना? मग कशाला उकरून काढताय? शेजारच्या वर्गाच्या पेपरात उतारा होता, त्यांनाही एवढेच पडलेत."

"त्यांनी निदान वाचलं तरी."

"विचारा जाऊन."

मी तशीच शेजारच्या वर्गात घुसले. "कालच्या पेपरातला उतारा कशाबद्दल होता?"

सगळ्या माना खाली गेल्या. शेवटी पहिल्या नंबरची दुआन रुईलिन उभी राहिली. माझ्यापेक्षा तीच जास्त चिडली होती.

"बाई, हा प्रश्न पेपरात नव्हता."