बारा-तेराचा पाना

हर्षलनं तिसऱ्यांदा पेटीतले पाने मोजले. तिसऱ्यांदाही अकराच भरले. बारा-तेराचा पाना गायब.

पाना गोजरबाईच्या ओच्यात होता, तंबाखूच्या चंचीशेजारी.

आजी रसवंतीच्या बाकावर मांडी घालून बसली होती, आणि चेहरा इतका भोळा केला होता की देवसुद्धा फसला असता. देवळाली प्रवरेच्या अलीकडं जीपचा फॅनबेल्ट तुटला. नवा पट्टा जीपवाल्या अजिनाथकडं होता, बसवला तिच्या नातवानं, हर्षलनं. हैदराबादच्या विमानतळावर तो विमानांची इंजिनं तपासतो, त्याला जीप म्हणजे काय! अर्ध्या तासात काम उरकलं. मग हा पठ्ठ्या पाने मोजायला बसला.

तसं बघितलं तर चूक त्याचीच. सकाळी तिसगाव सोडल्यापासून आजीचा एकच धोशा होता, "इमानात न्हाई बसायची म्या." गेल्या आठवड्यात कुठल्याशा विमानाचं एक इंजिन वरच्या वर बंद पडलं होतं, आणि तो व्हिडिओ गावच्या बाजारात मेथीच्या जुडीपेक्षा जास्त हातांतून फिरला होता. तेच विमान दुसऱ्या इंजिनावर मागं आलं, गुमान उतरलं, माणसं आपापल्या बॅगा घेऊन घरी गेली. तो भाग कुणी पुढं पाठवलाच नाही. आजीची समजूत घालायला हर्षल म्हणाला होता, "आजी, आमच्याकडं काम झालं की पाने मोजत्यात. एक जरी कमी भरला, तरी इमान उडत न्हाई."

तेवढं मात्र गोजरबाईनं नीट ध्यानात ठेवलं.

"साहेब, चावी द्या," अजिनाथ म्हणाला. "ऱ्हायला असंल इंजिनात, तर पुढच्या खड्ड्यात पडंल आपोआप."

"आन पट्ट्यात अडकला तर?"

"माझ्या गाडीत लई काय काय अडकलंय. कदी बोलली का ती? आन इमानवाल्यांचं मला सांगू नका. मेंटेनन्सच करत न्हाईत लेकाचे. म्या व्हिडिओ बघितलाय."

अजिनाथच्या जीपचा ब्रेक तीनदा दाबल्यावर लागायचा. मागचं दार सुतळीनं बांधलेलं होतं.

हर्षलनं चावी खिशात टाकली आणि पांढऱ्या शर्टासकट जीपखाली शिरला. रस प्यायला थांबलेली माणसं गोळा झाली. विमान दोनचं आहे, साडेअकरा वाजून गेलेत आणि शिर्डीचा विमानतळ अजून तासाभराच्या वाटेवर आहे, हे कळल्यावर तर त्यांना रसापेक्षा गोडी आली.

"पान्यासाठी इमान सोडतंय येडं!"

गोजरबाई पाहत राहिली. उद्या हैदराबादला हर्षलच्या लेकीचं बारसं होतं. तिची पहिली पणती. मांडीवरच्या पिशवीत तिनं शिवलेली हातभर गोधडी होती.

"आरं, तुज्याच लेकीचं बारसं हाय," ती म्हणाली. "चुकंल की."

"चुकू दे," जीपखालून आवाज आला. "पान्याबिगर गाडी न्हाई हलायची."

आजीचा हात ओच्यावर गेला.

"आन तितं शिर्डीला त्या इमानाला कुनी बघितलं असंल रं?"

"असंल कुनीतरी माझ्यासारखंच आडवं पडलेलं."

"त्याला बी लोक असंच हसत असत्याल?"

"हसत न्हाईत, आजी. उशीर झाला म्हनून शिव्या देत्यात."

"मंग त्यो उठतो?"

"न्हाई उठत."

गोजरबाई बाकावरून उठली. गवतात चार पावलं हिंडली, लोकांकडं पाठ केली, वाकली.

"ह्यो बघ की! हितं पडलाय. डोळं हायत का काय तुला?"

हर्षल बाहेर आला. शर्टाची पार गोणी झाली होती. त्यानं पाना हातात घेतला. पाना ऊबदार होता आणि त्याला तंबाखूचा वास येत होता. त्यानं आजीकडं पाहिलं. आजी पलीकडचा ऊस बघत होती.

पेटीत पाना ठेवून त्यानं चौथ्यांदा मोजले. बारा. मग चावी अजिनाथच्या हातावर ठेवली.

"बसा, बसा, आजी, लवकर!" अजिनाथनं जीप सुरू केली.

गोजरबाई मागं बसली. दार ओढून घेतलं आणि सुतळीची गाठ बोटांनी चाचपली. मग ती सोडायलाच लागली.

"आवं, काय करताय? चार वर्सं झाली त्या गाठीला, काय हुत न्हाई!"

"चार वर्सं कुनी बघितली न्हाई म्हन की," आजी म्हणाली.

तिनं नवी गाठ मारली. एकदा ओढून बघितली. दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा ओढली.

"हं. आता सोड गाडी."