तेविसावी

हॉगन सरांनी मार्लिसच्या गळ्यातला ढोल उतरवून घेतला.

“परेडला तू कडेला बसून बघ. वाईट वाटून घेऊ नकोस. तेवीसजणांच्या सारख्या ओळी होत नाहीत. बावीस झाले की अकरा-अकराच्या दोन. नीट दिसतं.”

लहानपणच्या अपघातापासून मार्लिस लंगडत चालायची. त्याबद्दल सर अवाक्षर बोलले नाहीत. ट्रम्पेटवाला गॅरेट मात्र मागून फिसकन हसला. “भागाकार झाला, बाकी उरली!”

डकोटातल्या त्या छोट्या शाळेत बँड आणि गणित दोन्ही हॉगन सरांकडेच. त्याच आठवड्यात त्यांनी वर्गात बटणं मांडून दाखवली होती. बाराच्या सारख्या ओळी कितीतरी तऱ्हांनी लागतात. ती संयुक्त संख्या. तेराच्या तशा लागत नाहीत, ती मूळ.

मार्लिस जागची हलली नाही.

“सर, तेवीस मूळ संख्या आहे.”

“तेच तर सांगतोय मी!”

“मग तिला दोन विभाजक असतात. ती स्वतः आणि एक. म्हणजे एक ओळ होते की. तेवीसजणांची.”

“अगं, अख्खा रस्ता अडेल!”

“परेडला रस्ता बंदच असतो, सर.”

पोरं खो खो हसली. या खेपेला मार्लिसला नव्हे. सर म्हणाले, “एवढी लांब ओळ वाकडी होते. सगळ्यांची पावलं कोण जुळवणार?”

“मी. ढोल द्या इकडे.”

शनिवारी मेन स्ट्रीटवर या कडेपासून त्या कडेपर्यंत बँडची एकच ओळ आली. मधोमध मार्लिस. ढोलाचा ठोका तिच्या पायाच्या चालीनं पडत होता, सावकाश, ठाम. तीच चाल सगळ्यांची. टोकाचा गॅरेट मान वळवून वळवून तिचं पाऊल बघत होता. मागच्या रांगेत झाकलं जायला कुणी उरलंच नव्हतं. प्रत्येक आईला आपलं पोर समोरून दिसलं.

पुढच्या वर्षी बँडमध्ये आणखी दोघं आली. पंचवीस. संयुक्त संख्या, पाचाच्या पाच ओळी अगदी चोख. सरांनी सकाळीच मैदानावर चुन्याच्या पाच रेघा मारून ठेवल्या.

मुलं वाद्यं घेऊन आली आणि सगळीच्या सगळी पहिल्या रेघेवर उभी राहिली.