साखरपुड्याचा फोन

"रुद्र, दोन वाजता ये. घरी कुणी नाहीये. अण्णा पत्रिका वाटायला गेलेत."

चैताली हे ओट्यावरच्या फोनसमोर बोलली. फोन कुणाला लावलेला नव्हता. अण्णा, म्हणजे तिचे वडील कारभारीअण्णा, कुठंही गेले नव्हते. समोरच खुर्चीत ओठ मिटून बसले होते. आणि रुद्र नावाचा कुणी तिच्या ओळखीतच नव्हता. त्याला तिनं सकाळी दात घासताना जन्माला घातलं होतं.

फोन तिथंच ठेवून तिनं अण्णांना गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

"चैते, हा काय पोरखेळ? सोमनाथराव जीव लावतात म्हणून चौकशी करतात. साखरपुड्याला फोन बघ केवढा दिलाय!"

त्या फोनमध्ये लपवलेलं ॲप तिच्या मैत्रिणीनं, मोबाइल दुरुस्तीवाल्या निलोफरनं शोधलं होतं. घरात बोललेलंसुद्धा तिकडं सोमनाथला, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, ऐकू जाणारं. "अभी डिलीट मत कर," तिनं बजावलं होतं. "काढलंस की त्याला कळेल, अन् पुरावाही जाईल. माझ्या फोननं त्या ॲपचे फोटो काढू, मग सायबर पोलिसांकडं जाऊ." अण्णांना मात्र ते पटेना. कंपनीनंच घातलं असेल म्हणाले. लग्न अकरा दिवसांवर आलेलं. अण्णांना पटलं नाही, तर बाराव्या दिवशी ती त्याच माणसाच्या घरात असणार होती.

मावशीच्या कुशीत ती रडली होती, तेव्हा फोन उशाला होता. तिचं बोलणं दुसऱ्या दिवशी सोमनाथनं तिलाच शब्दन् शब्द ऐकवलं, तेही हसत हसत. त्या हसणाऱ्याची तिला जिरवायची होती. नुसतं लग्न मोडून तिचं पोट भरणार नव्हतं.

"दोनपर्यंत थांबा अण्णा. सोमनाथ बिचारा ओझरहून यायचाय."

पावणेदोनलाच दार धडाधड वाजलं. अण्णांना गॅलरीतच ठेवून चैतालीनं उघडलं, तसा सोमनाथ घामाघूम होऊन आत घुसला. मागून त्याची आई झुंबरबाई, धापा टाकत. पोरगी रंगेहाथ पकडायची तर साक्षीला आई हवीच ना! त्यानं बाथरूम पाहिलं, कपाट उघडलं, पलंगाखालीही वाकून झालं. चैताली शांतपणे मेथी निवडत बसली.

"कुठंय तो रुद्र?"

"कोण रुद्र?" अण्णांनी गॅलरीचं दार उघडत विचारलं.

सोमनाथचा चेहरा खर्रकन उतरला. "मामा... तुम्ही तर पत्रिका वाटायला..."

"कुणी सांगितलं?"

सोमनाथची नजर ओट्यावरच्या फोनकडं गेली.

"पोरीनं ते फक्त त्या फोनसमोर म्हटलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं, सोमनाथराव?" अण्णा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"काळजीपोटी, मामा. माझा जीव आहे तिच्यावर."

"मग तो माझ्या फोनात कशाला लपवलात?" चैताली उठली. "त्या दिवशी हसत होतात ना? हसा की आता! आईसमोर हसा!"

सोमनाथ मान खाली घालून उभा होता. तिला इतकं बरं वाटलं, की जरा लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

"लग्न मोडलं," अण्णा म्हणाले.

तिनं बोटातली अंगठी काढून झुंबरबाईंच्या हातावर ठेवली. सोमनाथनं ओट्यावरच्या फोनकडं हात नेला, तेवढ्यात तिनं तो उचलला. "हा नाही मिळायचा. हा पोलिसांकडं जाणार, तक्रारीसकट."

"आई, चल," सोमनाथ पुटपुटला.

झुंबरबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी कमरेच्या पिशवीतून आपला फोन काढला, त्याच्याकडं बघितलं, मग लेकाकडं बघितलं.

"लेकीला चोरून तुपाचा डबा धाडला, ते बी याला ठाऊक. मला वाटायचं, शेजारीण चुगल्या लावती. दोन वरीस झाले, तिच्याशी बोलले नाय मी." त्यांनी फोन चैतालीच्या हातात कोंबला. "हा बी त्यानंच दिलाय, पोरी. तुझ्या तक्रारीत माझं बी नाव घाल."