अर्धंच खोटं

पोरक्या मुलांच्या शाळेचा खर्च उचलणाऱ्या संस्थेचे साहेब घरी चौकशीला येणार, म्हणून इस्त्रीवालीने आठवडाभर लेकीकडून घोकून घेतलं, ‘आईबाप दोघंही वारले. ही माझी मावशी.’ बाप खरंच गेला होता. खोटं होतं ते अर्धंच.

इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिलेली सात वर्षांची पोर साहेबांपुढे एकदाही अडखळली नाही. त्यांनी अर्जावर सही केली आणि निघताना म्हणाले, “बाई, सख्खी आई करणार नाही एवढं करताय तुम्ही.”

त्यांची पाठ फिरताच तिने दार लोटलं आणि पोरीला पोटाशी धरलं. “गेले गं ते. आता म्हण आई.”



“नको मावशी. शाळेत चुकून तोंडातून निघेल.”