शून्याची राणी

“जो घरी आला, तो घरी बसला! बाद!”

लहानपणी ऐकलेला बाबांचा हा आवाज लेकीच्या कानात अजून तसाच होता. खेळ बेसबॉलचा. कुणा गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेला आणि परत न नेलेला व्हिडिओ गेमचा एक खोका, त्याला दोन जॉयस्टिक. मैदान म्हणजे हिरवा चौकोन, गडी म्हणजे ठिपक्यांची माणसं. चेंडू आला की बटण दाबायचंच. टोला बसला तर गडी कोपरे ओलांडत घरी येणार आणि नावापुढचा आकडा वाढणार. ज्याचा आकडा मोठा, तो हरला. बाबांनी हा नियम सांगितला तेव्हा ती एवढीशी होती आणि नुकतीच रडून थांबली होती.

तेव्हापासून ती अजिंक्य. तिच्या नावापुढे कायम शून्य. त्याच तोऱ्यात तिने जाहीर करून टाकलं होतं, “मला हरवेल त्याच्याशीच लग्न करीन!”

आता ते बोलणं अंगाशी आलं होतं. बाबांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, फुगीर पडद्यासमोर, तिच्या शेजारी ड्रमवाला बसला होता. वाद्यवृंदात ड्रम वाजवणारा, आणि तिला मनापासून हवा असलेला.

“बाबा, पोरवयातलं बोलणं ते. सोडा ना.”

“शब्द तो शब्द. मागच्या त्या बढाईखोराला याच शब्दावर वाटेला लावलंस, तेव्हा बरा गोड लागला!”

ती ड्रमवाल्याच्या कानाशी लागली. “मी हरायला बघते. तू फक्त टोला मारू नकोस.”

“बटण उशिरा दाबायचं, एवढंच ना? सोप्पंय.”

कसलं सोपं! त्याची बोटं तालात वाढलेली. चेंडू समेवर यावा तसा यायचा आणि बोट आपसूक पडायचं. टोला! गडी घरी.

“अरे, चुकव की!”

“चुकवतोय गं! बोटं माझं ऐकतील तर शप्पथ.”

तिची तऱ्हा उलटी. जीव तोडून बटण दाबावं, तर चेंडू केव्हाच निघून गेलेला. “ये रे राजा, ये ना घरी,” ती ठिपक्याला विनवत होती. राजा जागचा हलेना.

डाव संपला. त्याचे नऊ, तिचं शून्य.

“जिंकलीस,” तो कसनुसं हसला.

तिचे डोळे भरून आले. “मला धड हरताही येत नाही हो, बाबा!”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. लेकीकडे बघवेना, म्हणून पडद्याकडेच बघत म्हणाले, “अभिनंदन, जावईबापू.”

“बाबा?”

“रागावू नकोस, राणी. आकडा ज्याचा मोठा, तोच जिंकतो. तू आजवर एकदाही जिंकलेली नाहीस.”